बॅटरी भरलेली, तरी गाडी का अडते?

शहाडच्या पुलावरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादे वेळी जुनी प्रीमियर पद्मिनी दिसली, तर जरूर निरखून पाहा. १९६४ पासून कुर्ल्याला ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून तयार होऊ लागलेली ही मोटार पुढे ‘पद्मिनी’ झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली. हौशी मालकांनी मात्र जपली आहे.

अशी गाडी पावसाळ्यात सकाळी अडते. दिवे लख्ख पेटतात, पण ‘सेल्फ’ मारला की नुसती घरघर! मालक नवी बॅटरी आणतो, मग कॉइल, मग डायनॅमो. हजारो रुपये जातात, खोड तशीच. खरा दोषी दोन रुपयांच्या पॉलिश कागदाने सुधारणारा असू शकतो.

मोटारीत प्रत्येक उपकरणाला परतीची वेगळी तार नसते. बॅटरीचे ऋण अग्र जाड पट्टीने गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि सांगाडाच परतीचा मार्ग होतो. कारागीर याला ‘अर्थ’ म्हणतात. (चाके रबराची, तेव्हा जमिनीशी या ‘अर्था’चा काही संबंध नाही!) समजा, पट्टीच्या जोडात गंज धरून ०.०४ ओहम रोध निर्माण झाला. पुढचे दिवे सुमारे ८ अँपिअर धारा घेतात. ओहमच्या नियमाने जोडात ०.३२ व्होल्ट खर्च होतात. दिव्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण सेल्फने १०० अँपिअर ओढले, की तेथेच ४ व्होल्ट जातात! १२ पैकी उरले ८.

त्याच क्षणी कॉइललाही ८ व्होल्टच मिळतात. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातली धारा ‘पॉइंट’ उघडताच तुटते, चुंबकीय क्षेत्र ढासळते आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनामुळे दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. साठलेली ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा दोन-तृतीयांश झाली, तर ऊर्जा चार-नवमांश, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मग कॉइलला दोष का द्यावा?

डायनॅमोचा लाल दिवाही असाच फसवतो. त्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला, दुसरे डायनॅमोला. दोन्हींकडचे व्होल्ट जवळपास सारखे झाले की तो विझतो. पण बल्बच उडाला असेल तरी तो विझलेलाच! म्हणून चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो पेटतो का हे आधी पाहावे.

आता शोध. हे काम शिक्षक किंवा कारागीर शेजारी असतानाच करा. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरला येणारी जाड तार काढून तिचे टोक इंजिनच्या धातूला पक्के टेकवून ठेवावे. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याने दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर दुसरी तार एकेक जोड मागे आणत जा: सांगाडा, पट्टीचा बोल्ट, खुंटीवरची पकड. ज्या जोडापाशी आकडा एकदम उतरतो, तोच चोर.

जोड घासण्यापूर्वी बॅटरीचे ऋण अग्र आधी सोडा. पाना चुकून सांगाड्याला लागला तरी काही होत नाही, कारण दोन्ही एकाच विभवावर आहेत. धन अग्र आधी सोडताना तोच पाना सांगाड्याला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते.