सकाळची ती खळखळ

रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्यातल्या कितीतरी व्हिस्टा आणि पुंटो गाड्यांमध्ये आजही धावतं आहे. सकाळी स्टार्टर मारल्यावर दोन-तीन सेकंद पुढून खळखळ ऐकू आली, तर तिकडे कान द्याच.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. हा ताल टायमिंग चेन राखते आणि तिचा ढिलेपणा टेन्शनर काढतो. टेन्शनर म्हणजे बोटाएवढा दट्ट्या, मागे स्प्रिंग आणि इंजिन ऑइलचा दाब. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो, म्हणून आवाज सकाळीच येतो. दुर्लक्ष केलं आणि चेन दातावरून घसरली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ऑइल वेळेवर बदलणं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

नाना पेठेतून टेन्शनर आणून तो घरी बसवता येतो. पण दोन्ही शाफ्ट जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना नसतील, तर झाकण उघडूच नका. नव्या टेन्शनरचा दट्ट्या पिनेने आत दाबून ठेवलेला असतो. बोल्ट आवळून ती पिन ओढली की दट्ट्या टक्कन पुढे येतो, चेन ताठ होते. मग लॉकिंग पिना काढून पान्याने क्रँक नेहमीच्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं, तर जोर लावू नका. पुन्हा टायमिंग जुळवा.