अडकलेला खण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या सीमेजवळ जत हे गाव आहे. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत येथे डफळे घराण्याचे लहानसे संस्थान होते. संस्थान म्हटले की कचेरी आली. कचेरी म्हटली की कारकून आले. आणि कारकुनांच्या मागोमाग दप्तरे, पेट्या व मेजे आली. अशा गावांतील जुन्या घरांत आजही एखादे सागवानी मेज कोपऱ्यात उभे असलेले दिसते. त्याच्या खणांत कधी खतपत्रे असतात, कधी जुने हिशेब, तर कधी आजीने जपून ठेवलेली पत्रे.

समजा, अशाच एका घरी पणजोबांच्या वेळचे एक मेज आहे. त्याला एकाखाली एक असे दोन खण आहेत. वरच्या खणात विहिरीच्या वाटणीचा कागद ठेवलेला आहे. जत तालुका हा कमी पावसाचा मुलूख. येथे विहिरीच्या पाण्याचा वाटा म्हणजे शेताचा प्राणच होय. भाऊबंदांत पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आहे, आणि चार दिवसांनी तो कागद सर्वांसमोर ठेवावयाचा आहे. नेमका सप्टेंबर महिना सरत आला आहे. परतीच्या पावसाने आठवडाभर मुक्काम ठोकला आहे. आणि वरचा खण काही केल्या उघडत नाही.

घरातील नातवाने पितळी कडी धरून जोराचा हिसका दिला. खण हलला नाही. कडीचा स्क्रू मात्र ढिला झाला. तेव्हा तो पहार आणावयास धावला. आजोबांनी त्याला थांबविले व गावातील वृद्ध सुताराला बोलावणे पाठविले.

सुतार आला, पण त्याने पिशवीतून एकही हत्यार बाहेर काढले नाही. तो मेजासमोर बसला आणि नुसता पाहू लागला. नातवाला याचे नवल वाटले. "काका, पटाशी का काढत नाही?" असे त्याने विचारले. सुतार म्हणाला, "बाळ, वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो. खण का अडकला हे कळल्यावाचून हात लावू नये."

खण अडकण्याची कारणे अनेक असतात. कधी कुलपाची जीभ वर राहिलेली असते व ते कोणाच्या ध्यानातच येत नाही. कधी आतील कागदांचा गठ्ठा फुगून वरच्या आडव्या पट्टीला अडतो. कधी खण ज्या पट्ट्यांवरून सरकतो त्या झिजून खोलगट होतात आणि खण एका अंगाला कलतो. कधी एखादा खिळा वर येतो, तर कधी तळाची फळी खाली झुकते. परंतु पावसाळ्यात सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे लाकडाचे फुगणे.

लाकूड तोडून, कापून, रंधून त्याचे मेज केले, तरी हवेतील ओल शोषून घेण्याचा आणि ती परत सोडण्याचा त्याचा गुण जात नाही. लाकूड म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांची जणू एक जुडीच असते. हवा दमट झाली की या नळ्यांच्या भिंती पाणी शोषून जाड होतात. हवा कोरडी झाली की त्या पुन्हा आकसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के असते. आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्के राहिली, तर ते सुमारे १६ टक्क्यांपर्यंत चढते.

येथे एक मौजेची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाकूड सर्व दिशांना सारखे फुगत नाही. नळ्या ज्या दिशेने धावतात त्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ वाढतच नाही. वाढते ते आडव्या दिशेने. खणाच्या बाजूच्या फळीत रेषा पुढून मागे गेलेल्या असतात. म्हणून पावसाळ्यात खण लांब होत नाही, तर उंच होतो. हातभर लांबीच्या फळीची उंची एकदोन मिलिमीटरच वाढते. पण खणाच्या वर जागाच तेवढी असते. एवढ्याशा वाढीने तो वरच्या फळीला घट्ट भिडतो.

लाकडाचा हा स्वभाव आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उन्हाळ्यात बैलगाडीचे लाकडी चाक वाळून खिळखिळे झाले, म्हणजे शेतकरी ते पाण्यात भिजत ठेवीत. लाकूड फुगून सांधे पुन्हा घट्ट बसत. याच जिल्ह्यातील मिरज शहर सतार व तंबोरे यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा वाद्यांच्या लाकडी खुंट्या दमट हवेत फिरेनाशा होतात व कोरड्या हवेत सैल पडतात. चाक, खुंटी आणि खण ही तिन्ही एकाच नियमाने वागतात.

सुताराने प्रथम किल्ली फिरवून कुलपाची जीभ खाली असल्याची खात्री करून घेतली. मग मेजावरील जड पोथ्या आणि लोखंडी पेटी खाली उतरविली. कारण वरच्या भाराने फळी वाकून खणावर दाब येत होता. खालचा खण त्याने अलगद काढून बाजूस ठेवला आणि विजेरीच्या उजेडात मोकळ्या जागेतून वर पाहिले. तळाची फळी शाबूत होती, खिळा कोठेही वर आलेला नव्हता. खण दोन्ही अंगांनी सारखाच घट्ट होता. "ओल धरली आहे," तो म्हणाला. त्याने मेज भिंतीपासून हातभर पुढे ओढविले व वारा खेळेल अशा जागी ठेवविले. "पाऊस उघडला आहे. तीन दिवस याला कोणी हात लावू नका."

नातू हिरमुसला. "तेल सोडले तर लगेच सरकेल ना?" त्याने विचारले. सुताराने मान हलविली. तेल लाकडात मुरते, त्याला धूळ चिकटते आणि काही दिवसांनी त्याचा चिकट थर होऊन खण अधिकच अडतो. शिवाय आतील कागदांवर डाग पडतात आणि पुढे त्या लाकडाला सरसही नीट धरत नाही. मेज कडक उन्हात ठेवावे, तर वरचा भाग झपाट्याने वाळतो, आतला ओला राहतो आणि फळीला चीर पडते. पहारीची तर गोष्टच नको. मऊ लाकडाच्या कडेवर लोखंड टेकले की खळगा पडलाच. शंभर वर्षे टिकलेली कड एका क्षणात जाते आणि ती पुन्हा जशीच्या तशी होत नाही.

तीन दिवस कोरडे वारे वाहिले. चौथ्या दिवशी सकाळी सुतार पुन्हा आला. त्याने लाकडी हातोडीला जाड कापड गुंडाळले आणि खणाच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने हलके ठोके दिले. मग खालच्या मोकळ्या जागेतून हात घालून खणाच्या मागच्या कोपऱ्यांवर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून दाब दिला. पुढून आजोबांनी दोन्ही कड्या दोन हातांनी धरून सारख्याच ओढल्या. एकच कडी ओढली तर खण तिरपा होतो आणि पाचरीसारखा रुततो; म्हणून दोन्हीकडे सारखा जोर लावणे अगत्याचे असते.

खण दोन बोटे पुढे आला आणि थांबला. या वेळी तो लाकडावर लाकूड घासून थांबला नव्हता. आत काहीतरी मऊ अडल्याचे जाणवत होते. नातू जोर लावण्यास पुढे सरसावला, तेव्हा सुताराने त्याचा हात धरला. उजेड पाडून पाहिले, तो गठ्ठ्यातील वरचा कागद उभा राहून आडव्या पट्टीमागे अडकला होता. आणखी एक हिसका बसता, तर तो मधोमध फाटला असता. सुताराने बांबूची एक पातळ, गुळगुळीत कामटी फटीतून आत सरकवली, कागद हळूच खाली दाबून धरला आणि म्हणाला, "आता ओढा." खण बाहेर आला. वर आलेला तो कागद विहिरीच्या वाटणीचाच होता. आजोबांनी तो उलगडून पाहिला. कोपरा दुमडला होता. अक्षर मात्र एकही गेले नव्हते.

सुताराचे काम मात्र अजून संपले नव्हते. खणाच्या बाजूंवर जेथे घर्षण होत होते तेथे लाकूड चकाकत होते. त्या जागी त्याने बारीक काचकागद दोनचार वेळा फिरविला आणि वर साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासला. मेणाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पट्ट्यांवरही त्याने तेच केले. ढिल्या स्क्रूच्या भोकात त्याने लाकडाची बारीक काडी सरस लावून बसविली. सरस ऊब व ओल दिली की सुटतो. त्यामुळे पुढे कधी दुरुस्ती करावी लागली, तर लाकूड न मोडता सांधा उघडता येतो.

"रंधा मारून खण थोडा कमी केला असता, तर हा त्रासच उरला नसता," नातू म्हणाला.

सुतार हसला. "आज लाकूड फुगलेले आहे. आज रंधले तर उन्हाळ्यात खण खडखडेल. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, बाळ. हिवाळा सरला की मी पुन्हा येईन. तेव्हाही घासत असेल, तर पाहू."

त्या दुपारी कागद सर्वांसमोर वाचला गेला आणि पाण्याच्या पाळ्या त्याप्रमाणे ठरल्या. संध्याकाळी नातवाने वरचा खण हळूच उघडला आणि हळूच मिटला; मग दोन्ही हातांनी, दोन्ही कड्या धरून, पुन्हा एकदा उघडून पाहिला. कोपऱ्यात उभी असलेली पहार त्याने उचलली आणि गोठ्यात नेऊन ठेवली.