तीन की तेरा

‘पावतीवर सभासदाचं नाव मराठीत छापणे.’ यादीतलं पुढचं काम एवढ्या एका ओळीचं होतं. हिंजवडीतल्या एका कंपनीची नियोजनाची बैठक, ग्राहक एक सहकारी पतसंस्था. प्रत्येकाने हातातल्या पत्त्यांतून एक निवडून पालथा ठेवला, मग सगळे एकदम उलटले. प्रोग्रामरांचे ३ आणि ५. टेस्टिंग करणाऱ्या नव्या मुलीचा १३.

कामाचा अंदाज बांधण्याच्या या पद्धतीला प्लॅनिंग पोकर म्हणतात. जेम्स ग्रेनिंग यांनी ती २००२ मध्ये मांडली. पत्ते एकाच वेळी उलटण्याला सबळ कारण आहे. १९७४ मध्ये ट्व्हर्स्की आणि काहनेमन यांनी एका प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असं विचारायचं. चक्र १० वर थांबलेलं पाहणाऱ्यांचं मधलं उत्तर २५, ६५ पाहणाऱ्यांचं ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. मग बैठकीत सीनियरने आधीच ‘तीन’ म्हटलं असतं, तर नव्या मुलीने तेराचा पत्ता टाकला असता का?

पत्त्यांवरचे आकडे तास नव्हेत. या टीममध्ये पासवर्ड बदलायचा स्क्रीन दोन गुणांचा धरतात आणि बाकीची कामं त्याच्याशी ताडून पाहतात. पाचनंतर आठ, आठनंतर तेरा, मग वीस. मधले आकडे ठेवलेलेच नाहीत, कारण तेरा आणि चौदातला फरक कुणालाच सांगता येत नाही.

आता सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त म्हणणाऱ्यांनी बोलायचं. प्रोग्रामर म्हणाला, “नाव डेटाबेसमध्ये आहेच. फॉन्ट टाकला की झालं.”

“तू ‘शिंदे’ छापून बघितलंस?” तिने विचारलं.

तिने छापून पाहिलं होतं. जुनी पीडीएफ लायब्ररी देवनागरीची जुळणी करत नाही. ‘शिं’ची वेलांटी डावीकडे यायची ती उजवीकडे जाते, ‘कुलकर्णी’तला रफार खाली उतरून पाय मोडका र होतो. त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. युनिकोडपूर्वी भरलेली सभासदांची नावं जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत आहेत. तो फॉन्ट काढला की उरते रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. ती उलगडायला प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता लागतो.

खोलीतल्या बाकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मला या सगळ्या खटाटोपाचं मोल इथे वाटतं. तीन आणि तेरा यांची सरासरी काढून आठ लिहिले असते, तर ती माहिती तिच्याजवळच राहिली असती. दुसऱ्या फेरीत १३, १३, २० आले.

मॅनेजरचा चेहरा उतरला. “ग्राहकाला दोन आठवडे म्हणालोय. आणखी दोघं देतो.”

सीनियर ठाम राहिला. नव्या माणसांना जुना कोड समजावण्यात जुन्यांचाच वेळ जातो. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० च्या अनुभवावरून १९७५ मध्येच लिहून ठेवलं की, रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. सुरुवातीचा अंदाज चौपट चुकू शकतो, हे बॅरी बोम यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं. तरी आजही पहिल्या दिवशीच एक तारीख मागतात आणि ती वचन म्हणून कागदावर चढते. नंतर रात्री जागतात ते पत्ते टाकणारेच. अशी तारीख मागण्याची पद्धत अन्यायाची आहे असं माझं मत आहे.

शेवटी कामाचे दोन तुकडे पडले. आधी फक्त जुनी नावं तपासायची, आकडा त्यानंतर. मॅनेजरने तिथूनच पतसंस्थेच्या सचिवांना फोन लावला.

“साहेब, चार ते सात आठवडे लागतील. जुना डेटा पाहिला की नेमकं सांगतो.”

“म्हणजे ३१ मार्चच्या पावत्या?”

“त्या धरू नका.”

“मग त्या इंग्रजीतच छापून घेतो. आज कळलं ते बरं झालं, उद्या छपाईची ऑर्डर जाणार होती.”