आकड्यांचा व्यवसाय

हल्ली तरुण ‘डेटा’च्या व्यवसायाकडे वळू लागले आहेत. पगार किती, हे सारेच विचारतात. काम काय, हे क्वचितच कोणी विचारतो. ते पाहावयाचे असल्यास बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या कापसाच्या शेतावर जावे.

पूर्वी पिकाची आणेवारी नजरेने ठरे. १९४० नंतरच्या दशकात पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी निराळी रीत रुजविली : शेत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचे, त्यातील ठराविक तुकड्याचे पीक काढावयाचे आणि तोलावयाचे. वऱ्हाडच्या कापसावर तिचे आरंभीचे प्रयोग झाले. आज पीकविम्याची भरपाईही पीककापणीच्या आकड्यांवर अवलंबून असते. निवडलेले शेत आडवाटेला म्हणून सडकेलगतचे घेतले, की पुढील गणित कितीही सुबक असो, अनेक घरांचा हिशेब चुकतो.

सुखात्मे १९३२ साली फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झाले. संख्याशास्त्र पुढे लंडनला शिकले. आजच्या विद्यार्थ्यानेही आधी संख्याशास्त्राचा पाया घालावा. संगणकाची भाषा त्यामानाने लवकर येते! मात्र नोकरी शोधण्यापूर्वी एका हंगामात तरी पीककापणी पाहावी, आणि आलेल्या कोष्टकातील कोरे रकाने कोरे का राहिले, हे भरणाऱ्यालाच विचारावे.