विषय आहे, पण प्रश्न कुठे आहे? – ‘लाँग वीकेंड’च्या निमित्ताने

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. ‘भयपटांतील निसर्गाचे चित्रण’ हा झाला विषय. त्यावर दोनशे पानं भरतील, पण ‘यातून नक्की काय दाखवायचंय?’ असं समितीत कोणी विचारलं की गाडी अडते. विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते एका चित्रपटावर करून बघू. (शेवट सांगावा लागणार आहे, आधीच माफी.)

‘लाँग वीकेंड’ हा १९७८ चा कमी खर्चातला ऑस्ट्रेलियन भयपट. दिग्दर्शक कॉलिन एगलस्टन, लेखक एव्हरेट डी रोश. पीटर आणि मार्सिया या जोडप्याचा संसार मोडकळीला आलाय. सुट्टीत ते एका निर्जन किनाऱ्यावर तंबू ठोकतात. ना भूत, ना राक्षस. तरी दोघंही जिवंत परतत नाहीत.

यावर पहिलं विधान सुचतं ते असं : ‘निसर्ग माणसावर सूड उगवतो.’ ऐकायला छान आहे. आता ते तपासायचं कसं? साधा तक्ता करा. तीन रकाने : काय घडलं, कोणामुळे घडलं, कारण पडद्यावर दिसतं का.

पीटर गाडीतून जळती सिगारेट फेकतो, वणवा पेटतो : कारण दिसतं. कांगारू गाडीखाली येतो : दिसतं. गरुड हल्ला करतो. त्याचं अंडं या दोघांकडे असतं : हेही कळतं. पीटरच्या गोळीने मेलेला डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, किनाऱ्यावर पडलेला असतो आणि प्रत्येक वेळी तंबूच्या आणखी जवळ सापडतो : तो सरकताना मात्र दिसत नाही. मार्सिया मरते ती पीटरनेच अंधारात घाबरून स्पिअरगनमधून सोडलेल्या भाल्याने. शेवटी एक पक्षी ट्रकचालकावर झडप घालतो आणि ट्रक पीटरला चिरडतो : झडप दिसते, तिचं कारण दिसत नाही.

बघा, विधान इथेच डळमळलं. मार्सियाचा मृत्यू ‘सूड’ या खणात सरळ बसत नाही, तो माणसाच्या हातून झालाय. पण मग ‘सगळी भीती त्यांच्या मनातली’ असंही म्हणता येत नाही, कारण डुगाँग उरतोच. जे कुठल्याच खणात बसत नाही, ते लपवू नका. तुमचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता प्रश्न असा होतो : ‘ज्या घटनांचं कारण चित्रपट दाखवत नाही, त्या निसर्गाने मुद्दाम केल्या असं प्रेक्षकाला कशामुळे वाटतं?’ याचं उत्तर शोधता येतं. गवतातून सरपटणारा कॅमेरा कोणाची नजर आहे? रडण्यासारखे आवाज कधी येतात? शॉट मोजा, नोंदी करा. पैसा कमी असला की चित्रपट दाखवण्यापेक्षा सुचवण्यावर भर देतो, हा धागाही इथे हाती लागतो.

एक सावधगिरी. पृथ्वीला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती आहे आणि माणूस कर्कपेशीसारखा वागला की ती उलटते, अशी आपली कल्पना होती असं डी रोशने सांगितलंय. म्हणजे विषय संपला? नाही. लेखकाचा हेतू हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. पडद्यावर काय उतरलं ते वेगळं तपासावं लागतं.

तुलना हवी असेल तर तीही तयार आहे. २००८ मध्ये जेमी ब्लँक्सने याच चित्रपटाचा रीमेक केला, आणि पटकथा पुन्हा डी रोशचीच. लेखक तोच, कथा तीच, मध्ये तीस वर्षं. मग दोन तक्त्यांत फरक कुठे पडतो? एवढ्यावर एक प्रकरण उभं राहू शकतं.

तेव्हा गाइडकडे जाण्याआधी आपल्या विषयातली एकच कलाकृती घ्या आणि हा तक्ता भरा. सहा ओळी पुरेत. सगळ्या ओळी तुमच्या विधानाला ‘हो’ म्हणत असतील, तर समजा अजून नीट पाहिलेलं नाही.