कोंबडी खुराड्यात का जात नाही?



आपल्या देणगीतून गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बोरी अरबजवळच्या पारधी बेड्यावर सहा कुटुंबांना प्रत्येकी चार गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा दिला होता. दिवाळीपर्यंत त्यातल्या निम्म्याही उरल्या नाहीत. मागच्या अंकात एवढेच छापले गेले. ते वाचून काहींनी विचारले, "मानमोडी आली होती का? लस टोचली नव्हती का?" लस टोचली होती. मानमोडी नव्हतीच. कारण वेगळे होते आणि त्यात माझीही चूक होती. पैशांचा हिशेब आपण दर अंकात देतो, तसा हाही द्यायला हवा. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या परसात कोंबड्या आहेत, त्यांना ही माहिती कामी येईल.

सुरुवात अशी झाली. श्रावणात कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जाईनाशा झाल्या. हाकलून आत घातल्या तरी ओरडत बाहेर यायच्या आणि छपरावर नाहीतर बाभळीवर जाऊन बसायच्या. तिथून दोन रानमांजराने नेल्या. खुडूक कोंबड्या अंडी अर्ध्यावर सोडून उठू लागल्या. कोंबडीला एकवीस दिवस अंडी उबवावी लागतात. आठव्या-दहाव्या दिवशी ती उठून गेली की सगळी अंडी वाया. बेड्यावरची एक आजी मला म्हणाली, "कोंबडी येडी नाही वं ताई, तिले आत काईतरी चावते." मी दिवसा खुराडे उघडून पाहिले. काही दिसले नाही. मी आजीला म्हटले, "उंदीर असेल." कोंबडी पिलांना पंखांखाली घेते हा दाखला मी उपदेशात कितीदा दिला असेल, पण रात्री तिच्या पंखांखाली काय चालते ते बघायला कधी गेले नव्हते. देवशास्त्राच्या पदविकेत कोंबडीचा धडा नव्हता, ही सबब इथे चालणार नाही. आजीचे ऐकले असते तरी पुरे होते.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "दिवसा नाही, रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा." आम्ही गेलो. बसायच्या बांबूच्या खालच्या बाजूने पांढरा रुमाल फिरवला आणि उजेडात धरला. रुमालावर रक्ताच्या रेघा! बांबूच्या पेरांतून खसखशीच्या दाण्याएवढे लाल जीव चालत होते. थोड्या वेळाने आमच्याही हातांना खाज सुटली. बेड्यावरच्या लेकरांच्या मानेवर महिनाभर जे पुरळ होते आणि आम्ही घामोळे समजत होतो, त्याचाही उलगडा झाला.

याला लाल माइट म्हणतात. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. हा जीव कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा. उपाशी असतो तेव्हा करडा-पांढरा दिसतो, रक्त पिऊन झाले की लाल. त्याची सगळी खोड एकाच गोष्टीत आहे: तो कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दिवसभर भिंतीच्या भेगांत, बांबूच्या पोकळीत, टोपलीच्या विणीत दडून बसतो. रात्री बाहेर येतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत भेगेत जातो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटीसुलटी करून पाहिली तरी काही सापडत नाही. मात्र त्या भेगांच्या तोंडाशी मीठ-मिरी सांडल्यासारखी करडी भुकटी दिसते. ती त्याची विष्ठा आणि कात. अंड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके, कोंबडीचा तुरा फिकट पडणे, ही आणखी लक्षणे. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एकाच जागी बसते म्हणून तिला सर्वांत जास्त त्रास. लहान पिलांच्या अंगात रक्त ते किती? ती पांढरी पडून मरतात.

आता आपल्याकडची खुराडी कशी असतात ते आठवा. पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड, वरून माती-शेणाचा लेप. लेप वाळला की तडकतो. या जिवासाठी याहून चांगले घर कोणी बांधून देणार नाही! उबदार हवेत याची पिढी सात-आठ दिवसांत तयार होते. मादी रक्त प्याली की दिवसभरात चार ते आठ अंडी घालते, ती दोन-तीन दिवसांत फुटतात. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा यांची वाढ मंदावते. पावसाळा लागला, हवा पंचवीस-तीस अंशांवर आली आणि ओल वाढली, की पुन्हा झपाट्याने वाढतात. श्रावण ते दिवाळी हा यांचा खरा हंगाम.

माझी चूक इथेच झाली. मी सांगितले, "कोंबड्या महिनाभर डालग्याखाली ठेवा, खुराडे रिकामे ठेवा, किडे उपाशी मरतील." महिन्यानंतर शिल्लक पैशांतून नवी पिले आणून त्याच खुराड्यांत सोडली. हा जीव रक्ताशिवाय कित्येक महिने काढू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. आठवड्याच्या आत पिले मरू लागली. ती पिले आपल्या पैशांची होती.

त्यानंतर जे झाले ते अधिक वाईट. एका घरातल्या मुलाने कपाशीवर मारून उरलेले औषध पंपात घातले आणि संध्याकाळी खुराड्यात फवारले. सकाळी पाचही कोंबड्या मेलेल्या. खुराडे घराच्या भिंतीला लागूनच होते. आत झोपलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, मग उलट्या. तिला दवाखान्यात न्यावे लागले. प्रभूच्या कृपेने ती दोन दिवसांत बरी झाली.

यवतमाळ जिल्ह्यात याबद्दल कोणाला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या त्याच श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. किड्यांचा हंगाम आणि फवारणीचा हंगाम एकच आहे. म्हणजे ज्या दिवसांत खुराड्यात लाल माइट असतो, नेमक्या त्याच दिवसांत घराच्या कोपऱ्यात विषाची उरलेली बाटलीही असते. हात तिकडे जाणारच. पण कपाशीवरची अनेक औषधे, विशेषतः मोनोक्रोटोफॉसच्या जातीची, पक्ष्यांना माणसापेक्षाही लवकर बाधतात.

हा अडाणीपणा खेड्यातलाच आहे असे कोणी समजू नये. त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाखो अंडी नष्ट करावी लागली. मोठमोठ्या पोल्ट्र्यांमध्ये याच लाल माइटसाठी मारलेल्या औषधात फिप्रोनिल मिसळलेले होते. खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांवर ते वापरायला तिथे बंदी आहे. ते अंड्यांत उतरले. आपल्याकडे हेच फिप्रोनिल कपाशीवर आणि मिरचीवर मारतात.

मग करायचे काय? कोंबडीला औषध लावून भागत नाही, घर साफ करावे लागते. आम्ही आता असे करतो. सकाळी कोंबड्या बाहेर गेल्या की खुराड्यातले सगळे बाहेर काढायचे. जुना पेंढा, कचरा, फाटक्या टोपल्या घरापासून लांब जाळायच्या. भेगा खरवडून त्यांत उकळते पाणी ओतायचे. त्याने अंडीही मरतात. (जाळ फिरवायचा मोह टाळा, पऱ्हाटीचा कूड क्षणात पेटतो.) वाळल्यावर भेगा चिखल-शेणाने बुजवायच्या आणि वरून चुन्याचा दाट हात द्यायचा. बांबूची दांडी काढून साल सोललेली गुळगुळीत काठी लावायची. तिला पाय करून ते पाय तेल घातलेल्या जुन्या डब्यांत ठेवायचे, काठी भिंतीला कुठेही टेकू द्यायची नाही. मग किडा वर चढू शकत नाही. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त फरक या डब्यांनी पडला आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

हे सगळे एकदा करून थांबायचे नाही. पाच-सात दिवसांनी पुन्हा, नंतर आणखी एकदा. पहिल्या वेळी सुटलेल्या अंड्यांतून नवे किडे तोवर निघालेले असतात. बहुतेक घरे इथेच चुकतात, कारण पहिल्या साफसफाईनंतर चार दिवस कोंबड्या शांत झोपतात आणि वाटते, झाले.

किडे उरले की गेले ते पाहायला खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची गुंडाळी काठीजवळ बांधून ठेवा. दोन दिवसांनी काढून पांढऱ्या कागदावर झटका, मग गुंडाळी उकळत्या पाण्यात टाका. अंगणात चाळलेली राख आणि बारीक माती मिसळून एक खड्डा ठेवा, कोंबड्या त्यात लोळतात. राखेचा उपयोग जास्त करून उवांवर होतो, लाल माइट निव्वळ राखेने जात नाही. एवढे करूनही किडे राहिले तर औषध पशुवैद्यकीय डॉक्टरांकडूनच घ्या. किती पाण्यात किती, किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्यांनाच विचारा. फवारलेले खुराडे पूर्ण वाळल्याशिवाय कोंबडी आत नको.

दिवसाही कोंबडीच्या पिसांत किडे दिसत असतील, तर त्या उवा किंवा दुसऱ्या जातीचे माइट. भेगेतून मसुरीएवढा चपटा, राखाडी प्राणी निघाला तर ती कोंबडीची गोचीड. तीही रात्रीच चावते आणि तिच्यापासून कोंबड्यांना तापाचा रोगही होतो. नमुना काडेपेटीत घालून डॉक्टरांना दाखवा.

आणि चुकून शेतीच्या औषधाची बाधा झालीच, तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि बाटलीवरच्या लेबलसकट दवाखान्यात जा. आम्ही त्या रात्री बाटली घरीच विसरलो होतो.

सध्या सहापैकी चार खुराडी दुरुस्त झाली आहेत. आजीच्या खुराड्यात कोंबडी अकरा अंड्यांवर बसून पंधरा दिवस झाले, अजून उठलेली नाही. या तिमाहीत आलेल्या देणगीतून नवी पिले घेणार नाही. आधी उरलेली दोन खुराडी, चुना आणि प्रत्येक घराला एक बॅटरी. आपल्या घरी झाकणाचे रिकामे पत्र्याचे डबे असतील तर ते मात्र जरूर पाठवा, प्रत्येक खुराड्याला चार लागतात.