जयपूर फूट आणि उत्कृष्टतेविषयीचे गैरसमज

वस्तू जितकी महाग आणि गुंतागुंतीची, तितकी ती श्रेष्ठ, हा व्यवस्थापनाच्या क्षेत्रात खोलवर रुजलेला समज आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात 1968 च्या सुमारास आकाराला आलेला 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय त्या समजाला छेद देतो. त्या काळी प्रचलित असलेले 'सॅच' पाऊल, म्हणजे घोटा अचल आणि टाचेत मऊ गादी असलेले पाश्चात्त्य धाटणीचे पाऊल, मुळात बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेले होते. राजस्थानातील शेतकऱ्याला मात्र अनवाणी पायांनी ओल्या शेतात उतरावे लागे, उकिडवे बसावे लागे, मांडी घालून जेवावे लागे. त्यामुळे बसवून दिलेला पाय अनेकदा घरी पडून राही आणि रुग्ण पुन्हा कुबड्या हाती घेई. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी यात रुग्णाचा दोष न पाहता पावलाच्या रचनेलाच प्रश्न विचारला, आणि व्यवस्थापनात ज्याला कुतूहल म्हणावे ते हेच.

नव्या पावलाचे सामान साधे होते. टाच आणि चवडा यांसाठी सच्छिद्र रबराचे ठोकळे, घोट्यासाठी लाकडी ठोकळा, त्यांभोवती टायरमध्ये वापरतात तशा दोरांचे व त्वचेच्या रंगाच्या रबराचे थर, आणि मग हे सारे साच्यात घालून केलेले व्हल्कनीकरण, म्हणजे गंधकयुक्त रबर तापवून त्याला टिकाऊ व लवचीक बनवण्याची प्रक्रिया. असे पाऊल अनेक दिशांना वळते, पाण्याने खराब होत नाही आणि त्याला बुटाची गरज उरत नाही.

हा शोध एकट्या डॉक्टरांचा, असेही पुष्कळांना वाटते. 1981 चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठी यांना मिळाल्याने हा समज अधिकच दृढ झाला असावा. वस्तुतः पाऊल प्रत्यक्ष घडवण्यात 'मास्टरजी' म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांचा मोलाचा वाटा होता. त्यांचे शालेय शिक्षण तुटपुंजे असले, तरी साचा, ओतकाम आणि रबर यांची जाण त्यांच्या हातात होती. शरीररचनेचे ज्ञान असलेला शल्यविशारद आणि सामग्रीचे ज्ञान असलेला कारागीर एकाच कामावर झटले, यातच या शोधाचे खरे नेतृत्व दिसते. पदाच्या उतरंडीवर भर देणारी व्याख्या ते टिपू शकत नाही.

वस्तू उत्तम असली की ती आपोआप लोकांपर्यंत पोहोचते, हा तिसरा समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. पहिली काही वर्षे हा पाय मोजक्याच रुग्णांना मिळाला. सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता यांनी 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि मग हे चित्र पालटले. आगाऊ वेळ न घेता आलेल्या रुग्णालाही दाखल करून घ्यायचे, राहण्याजेवण्याची सोय करायची, प्लास्टरचा साचा घेऊन पाय तयार करायचा आणि शक्य तितक्या लवकर, तोही विनामूल्य, बसवून द्यायचा, ही पद्धत समितीने घालून दिली. गावाकडून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा फेऱ्या घालणे परवडत नाही, हे वास्तव त्या पद्धतीच्या मुळाशी आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी अल्प उत्पन्न गटाच्या बाजारपेठेवरील आपल्या 2004 च्या ग्रंथात या कार्याचा अभ्यास समाविष्ट केला, तो याच कार्यपद्धतीमुळे.

पाय विनामूल्य असल्याने त्यात सुधारणा थांबली असेल, हा तर्कही टिकत नाही. नडगीचा भाग पूर्वी ॲल्युमिनियमचा असे. पुढे त्यासाठी उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे, म्हणजे पाण्याच्या नळांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे पाइप आले, जे तापवून साच्यावर झटपट चढवता येतात. गुडघ्याच्या वर पाय गमावलेल्यांसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह विकसित झालेल्या 'जयपूर नी' या स्वस्त कृत्रिम गुडघ्याला 'टाइम' नियतकालिकाने 2009 च्या उत्कृष्ट शोधांत स्थान दिले.